अंगावरून वारं दुसऱ्यांदा जातं तेव्हा

आमच्या घरात लकवा, पक्षाघात हे शब्द कधी वापरले गेले नाहीत. 'काकांच्या अंगावरून वारं गेलं' एवढंच म्हणायचे. मोठा बोलका शब्दप्रयोग आहे हा. वारं येतं, दोन-चार पत्रे उडवतं आणि निघून जातं. मग माणसं मोडलेलं आवरायला लागतात. हात उचलता येतोय का, पाय टाकता येतोय का, तोंड सरळ झालं का, हे पाहायचं. ते झालं की माणूस 'बरा झाला'. वारं पुन्हा येऊ शकतं, आणि जाताना ते डोक्यातलं काहीतरी उचलून नेतं, ही शक्यता त्या शब्दांत मावत नाही.

काका एका पतसंस्थेत हिशेबनीस होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पहिला झटका आला. उजवी बाजू गेली. वेळेत दवाखान्यात नेलं, नशीब चांगलं होतं, दोन महिन्यांत काठी सोडून चालायला लागले. भेटायला येणारा प्रत्येक जण 'थोडक्यात वाचलात' म्हणायचा आणि काका त्याला बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगायचे. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका, शाळेत मिळणारी सुकडी, कोणत्या विहिरीला शेवटपर्यंत पाणी होतं, सगळं तोंडपाठ. त्यामुळे यांची स्मरणशक्ती गेली असेल अशी शंकाही कुणाला आली नाही.

दुसरीकडे लाइट बिल दोनदा भरलं जात होतं. चहा करायला गेले की गॅस पेटवून मग पातेलं शोधायचे. रमीच्या डावात पानं लावायला इतका वेळ घ्यायचे की बाकीचे पत्ते टाकून उठायचे. काकू म्हणायच्या, साठी बुद्धी नाठी. आम्ही हसायचो.

मग औषधांच्या दुकानदारानं एका महिन्यात बीपीच्या गोळीची कंपनी बदलली. औषध तेच, ताकद तीच. पण आधीची गोळी गुलाबी होती आणि ही पांढरी. काकांनी मनाशी ठरवलं की ही आपली गोळी नव्हे. दुकानदार चुकला आहे, तेव्हा गोळ्या परत करायच्या. रोज सकाळी ते पाकिटातून एक गोळी काढत आणि जुन्या चुन्याच्या डबीत ठेवत. दुसरा झटका आला तेव्हा ती डबी सापडली. डबीत एक चिठ्ठीही होती. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'परत करणे, 41 नग.' मी मोजल्या. बरोबर 41 होत्या.

त्या गोळ्या पोटात गेल्या असत्या तर दुसरा झटका आलाच नसता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एकेका माणसाच्या बाबतीत तसं कुणालाच म्हणता येत नाही. पण ही चिठ्ठी मी जपून ठेवली आहे, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यात आहे. हिशेब शाबूत आणि विवेक गेलेला, अशा माणसाच्या हातात आपण वर्षानुवर्षांचं औषध देतो आणि त्यानं ते बिनचूक घ्यावं अशी अपेक्षा धरतो. झटक्यानंतर येणारा विसरभोळेपणा, गोंधळ, मंदपणा याकडे आपण म्हातारपणाची खोड म्हणून पाहतो. माझं म्हणणं असं की तो पुढच्या झटक्याची वर्दी आहे. तो ओळखण्याची आणि ओळखल्यावर औषधांची व्यवस्था बदलण्याची जबाबदारी, पहिल्या झटक्याच्या वेळी माणसाला वाचवणाऱ्या आरोग्ययंत्रणेनंच घेतली पाहिजे.

हे नुसतं घरगुती अनुभवावरून बोलत नाही. 1997 साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात न्यूयॉर्कच्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूतला रक्तपुरवठा तुटून झटका आलेले आणि नंतरचे तीन महिने दुसऱ्या झटक्याशिवाय निभावलेले 242 रुग्ण त्यांनी घेतले. तीन महिन्यांनी त्यांच्या आकलनाची नीट तपासणी केली आणि मग त्यांच्यावर दीर्घकाळ लक्ष ठेवलं. ज्यांना तीन महिन्यांच्या तपासणीत स्मृतिभ्रंश आढळला होता, त्यांना पुढे पुन्हा झटका येण्याचा धोका इतरांच्या अडीच पटीहून अधिक निघाला. बाकीची जोखमीची कारणं हिशेबात धरूनही हा फरक उरलाच.

तोवर सगळी चर्चा उलट्या दिशेनं चालायची. झटके येत गेले की बुद्धी खचत जाते, हे 1974 पासून डॉक्टरांच्या बोलण्यात होतं. त्या वर्षी व्लादिमिर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये असा मुद्दा मांडला की मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे जेव्हा स्मृतिभ्रंश होतो तेव्हा तो अनेक छोट्यामोठ्या आघातांमुळे होतो. सगळ्या वाहिन्या हळूहळू आक्रसतात आणि मेंदू वाळत जातो हे जुनं चित्र चुकीचं आहे. पुढे 2009 मध्ये ऑक्सफर्डच्या सारा पेंडलबरी आणि पीटर रॉथवेल यांनी जगभरातले अभ्यास एकत्र करून 7,511 रुग्णांची माहिती चाळली. साधारण दहांतल्या एकाला पहिल्या झटक्याच्या आधीपासूनच स्मृतिभ्रंश होता. आणखी एकाला तो पहिल्या झटक्यानंतर लवकरच जडला. आणि पुन्हा झटका आलेल्यांमध्ये हे प्रमाण एक तृतीयांशाच्याही वर गेलं.

1997 आणि 2009 चे हे दोन अभ्यास शेजारी ठेवले की रहाटगाडगं दिसतं. दुसरा झटका स्मृतिभ्रंश आणतो आणि स्मृतिभ्रंश दुसरा झटका आणतो. यातला पहिला अर्धा भाग आपल्या डॉक्टरांना ठाऊक असतो, नातेवाइकांनाही अंदाजानं कळतो. दुसऱ्या अर्ध्याबद्दल कुणी बोलत नाही.

स्मृतिभ्रंश झटका आणतो म्हणजे नेमकं काय होतं? इथं जरा थांबायला हवं, कारण उपाय काय करायचा ते या उत्तरावर ठरतं.

एक शक्यता अशी की स्मृतिभ्रंश स्वतः काहीच करत नाही, तो फक्त चहाडी करतो. गावच्या नळयोजनेची पाइपलाइन एका ठिकाणी फुटली तर आपण तो जोड बदलतो. पण फुटलेल्या जागेपासून लांबच्या आळीतही पाणी कमी दाबानं येत असेल, तर आख्खी लाइनच गंजली आहे हे जुना फिटर लगेच ओळखतो. मेंदूच्या आत केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. वर्षानुवर्षांचा रक्तदाब आणि साखर त्यांच्या भिंती जाड करते, त्या बंद पडतात आणि मसुरीच्या दाण्यापासून शेंगदाण्याएवढ्या जागा मरतात. यातले बरेचसे आघात मुके असतात. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही, फक्त एमआरआयवर खुणा दिसतात. अशा मेंदूला एक मोठा झटका बसला की आजवर सावरून धरलेलं सगळं कोसळतं. म्हणजे तीन महिन्यांनी दिसणारा गोंधळ हा त्या एका झटक्याचा हिशेब नसतो; तो वीस वर्षांच्या थकबाकीचा असतो. आणि ज्याची थकबाकी एवढी, त्याला पुढचा तगादाही लवकर येतो.

अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा आजार यांच्यामध्ये भिंत उभी करायची सवय लागल्यामुळे हे आपल्या लक्षात येत नाही. त्याच 1997 साली अमेरिकेतल्या वृद्ध ननच्या मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासणाऱ्या प्रसिद्ध प्रकल्पाचे निष्कर्ष आले. अल्झायमरचे बदल मेंदूत असलेल्या ननपैकी ज्यांच्या मेंदूत शिवाय छोट्या आघातांच्या खुणाही होत्या, त्यांना जिवंतपणी स्मृतिभ्रंश जडण्याचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. म्हणजे 'यांना अल्झायमर आहे, बीपीचा काय संबंध' हे वाक्यच मुळात लंगडं आहे.

दुसरी शक्यता काकांच्या डबीतली. झटक्यानंतर माणसाला सहसा चार-पाच गोष्टी सुरू होतात: रक्तदाबाची एक किंवा दोन औषधं, रक्त पातळ करणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, बऱ्याचदा मधुमेहाचं औषध. त्यांच्या वेळा वेगळ्या, काही जेवणाआधी, काही नंतर. रक्तवाहिन्यांच्या आजारात आधी जाते ती नियोजनाची, क्रम लावण्याची, एक काम सोडून दुसऱ्याकडे वळण्याची शक्ती, आणि विचारांचा वेग. जुन्या आठवणी खूप उशिरापर्यंत टिकतात. म्हणून बहात्तरचा दुष्काळ आठवतो आणि सकाळची गोळी चुकते. गोळी घेणं हे आठवणीपेक्षा नियोजनाचं काम आहे, हे घरच्यांच्या ध्यानात येत नाही.

तिसरी शक्यता जरा टोचणारी आहे. स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसला की उपचार करणाऱ्यांचाही हात आखडतो. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारं तगडं औषध द्यायचं असतं. पण रुग्ण विसरभोळा आहे, पडेल, रक्तस्राव होईल, गोळ्यांचा घोळ घालेल, या भीतीनं ते दिलं जात नाही. कधी ही भीती खरी असते. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचलं असेल तर त्या ठिसूळ होतात, तिथं रक्तस्रावाचा धोका खरोखर वाढतो, आणि अशा वेळी थांबणं हाच शहाणपणा असू शकतो. पण तपासून, तोलून थांबणं वेगळं आणि 'आता यांचं काय करायचं' म्हणून सोडून देणं वेगळं. दुसरा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. दुसऱ्या झटक्यानंतर एका दवाखान्यात तरुण डॉक्टरनं काकांच्या समोरच आम्हाला सांगितलं, 'आता फार काही अपेक्षा ठेवू नका, सेवा करा.' सेवा तर काकू करतच होत्या. गोळ्यांचं काय, हे विचारायचं आमच्याही डोक्यात आलं नाही.

यातलं खरं कारण कोणतं? बहुधा तिन्ही, माणसागणिक वेगवेगळ्या मापात. पण माझ्या युक्तिवादाला त्यानं बाध येत नाही. पहिलं कारण खरं असेल तर स्मृतिभ्रंश दिसलेल्या रुग्णाचा धोका जास्त आहे, म्हणून त्याच्या रक्तदाबाकडे जास्त लक्ष हवं. दुसरं खरं असेल तर त्याच्या गोळ्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायला हव्यात. तिसरं खरं असेल तर डॉक्टरांनी आपला हात का आखडला, हे स्वतःला विचारायला हवं. तिन्ही वाटा सुरू होतात त्या एकाच ठिकाणाहून: आधी तपासा.

आणि नेमकं तेच होत नाही. लकव्याबद्दलची सगळी जागृती गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं त्या पहिल्या साडेचार तासांभोवती फिरते. चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं अडखळतं, पळा. ती मोहीम योग्यच आहे, तिनं काकांचा हात वाचवला. पण त्या साडेचार तासांनंतर येणाऱ्या साडेचार हजार दिवसांचं काय? 21 सप्टेंबरला अल्झायमर दिन, 29 ऑक्टोबरला पक्षाघात दिन. सव्वा महिन्याच्या अंतरानं दोन वेगळ्या संस्था, दोन वेगळी पत्रकं, दोन वेगळे वक्ते. जागतिक पक्षाघात संघटनेनं 2015 मध्ये एक जाहीरनामा काढून लकवा आणि टाळता येण्याजोगा स्मृतिभ्रंश यांचा प्रतिबंध एकत्र करा असं आवाहन केलं होतं. तिथं एकत्र आलेलं आपल्या ओपीडीत अजून वेगळ्या खिडक्यांवर आहे. मेंदूविकारतज्ज्ञ हात-पाय आणि सीटी स्कॅन पाहतो, फिजिशियन साखर-बीपी पाहतो, आणि माणूस विचार कसा करतोय हे कुणीच पाहत नाही.

'पण स्मृतिभ्रंशावर औषधच नाही, मग शोधून काय मिळवायचं?' हा प्रश्न मला एका जाणत्या डॉक्टर मित्रानंच केला. प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ द्यायला हवं. स्मृतिभ्रंशावर नसेल, पण पुढच्या झटक्यावर आहे. 'प्रोग्रेस' या चाचणीत 6,105 रुग्णांना, म्हणजे ज्यांना झटका किंवा क्षणिक झटका येऊन गेला होता अशांना, रक्तदाबाचं औषध किंवा नुसती दिखाऊ गोळी देऊन जवळपास चार वर्षं पाहिलं. औषध घेणाऱ्यांमध्ये झटके 28 टक्क्यांनी कमी झाले. आणि पुन्हा झटका येऊन त्यासोबत येणारा स्मृतिभ्रंश 34 टक्क्यांनी कमी झाला. एकूण स्मृतिभ्रंशाचं प्रमाण मात्र ठामपणे घटलं असं म्हणता आलं नाही, हेही सांगायला हवं. याचा अर्थ मला असा दिसतो: औषध स्मृतिभ्रंशाला थांबवतं ते पुढचा झटका थांबवून. म्हणजे ज्याची बुद्धी आधीच डळमळली आहे, त्याला उरलेली टिकवण्याचा जो मार्ग आपल्या हातात आहे, तो त्याच स्वस्त, कंटाळवाण्या बीपीच्या गोळीतून जातो.

शिवाय तपासणीत स्मृतिभ्रंशच निघेल असं नाही. झटक्यानंतर नैराश्य सर्रास येतं, आणि उदास माणूस मंद वाटतो. शाकाहारी घरांत बी-12ची कमतरता असते, थायरॉइड असतं, ऐकू कमी येत असतं, झटक्यानं वाचा गेलेली असते आणि घरचे समजतात की समजही गेली. यातल्या कितीतरी गोष्टींवर उपाय आहे. पहिल्या काही आठवड्यांत आजारपणाचाच गोंधळ असतो, म्हणून तीन महिन्यांनी पाहावं. तोवर बरचसं धुकं निवळलेलं असतं.

तपासायचं कसं, हा खरा कूटप्रश्न आहे आणि त्यावर हात झटकून चालणार नाही. परदेशी चाचण्यांमध्ये घन काढा, घड्याळ काढा, शंभरातून सात-सात वजा करा असं असतं. जिनं कधी पेन्सिल धरली नाही, त्या आजीला घन काढायला लावून नापास करणं हा अन्याय आहे. त्याउलट काकांसारखा हिशेबनीस वजाबाकी सहज करून दाखवतो आणि पास होतो. मॉन्ट्रियलमध्ये तयार झालेली आणि 2005 साली प्रसिद्ध झालेली 'मोका' ही चाचणी 'एमएमएसई' या जुन्या चाचणीपेक्षा नियोजनातले दोष जास्त पकडते, म्हणून लकव्यानंतर तीच बरी असं मानतात. पण तीही शिक्षणाला धरूनच चालते. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये नव्वदच्या दशकात निरक्षर ग्रामस्थांसाठी हिंदी चाचणी बनवली गेली, तेव्हा असे प्रश्न गावच्या जगण्यात बसवता येतात हे सिद्ध झालंच आहे. मला तर वाटतं, चाचणीच्या सोबत घरातल्या माणसाला चार प्रश्न विचारले तरी अर्धं काम होतं. गेल्या महिन्यात पैशाचा घोळ झाला का? नेहमीचं काम करताना मधेच अडतात का? गोळ्या स्वतः काढून घेतात का, आणि पाकिटात उरलेल्या गोळ्यांचा मेळ बसतो का? शेवटचा प्रश्न सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात बोलका.

आजारांची जोखीम ओळखण्यासाठी आशाताई गावोगाव जो 'सीबॅक' फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? प्रश्न आहे हे चांगलंच. पण ज्याला घरचा पत्ता आठवत नाही, त्याची गोळी कितीतरी आधीपासून चुकत असणार. काका शेवटपर्यंत पत्ता बिनचूक सांगत होते, पिनकोडसकट.

आता मी जे सुचवतो आहे त्याच्या विरुद्ध जाणारा पुरावाही मांडतो, कारण तो आपल्याच देशातला आहे आणि मोलाचा आहे. 'अटेंड' नावाच्या चाचणीत भारतातल्या 14 रुग्णालयांत 1,250 रुग्ण घेऊन, घरच्या माणसाला व्यायाम आणि सेवेचं प्रशिक्षण देऊन पाहिलं. 2017 मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांत फरक नाही. मग 'स्प्रिंट इंडिया' झाली. 31 केंद्रं, 4,298 रुग्ण, 12 भाषा. रुग्णांना एसएमएस, छोट्या चित्रफिती आणि एक पुस्तिका दिली, औषधं घ्या, तंबाखू सोडा, व्यायाम करा. वर्षभरात पुन्हा झटका, हृदयविकार, मृत्यू अशा घटनांचं प्रमाण संदेश मिळालेल्या गटात 5.5 टक्के आणि न मिळालेल्यात 4.9 टक्के. म्हणजे संदेश मिळालेल्यांचा काहीच फायदा झाला नाही.

यावरून 'घरच्यांना शिकवून, आठवण करून देऊन काही होत नाही' असा निष्कर्ष काढणारे काढतील. मी वेगळं वाचतो, आणि हे माझं वाचन आहे, त्या संशोधकांचं नव्हे. एसएमएस आठवण करून देतो. ज्याची अडचण आठवणीची आहे त्याला तो कदाचित पुरेल. ज्याला पांढरी गोळी आपली वाटतच नाही, त्याला दहा एसएमएस आले तरी तो त्या गोळ्या परत करण्यासाठीच बाजूला ठेवेल. आणि 'अटेंड'मधून मी हे घेतो की घरच्या बाईवर, कारण बहुतेक वेळा ती बाईच असते, आणखी एक काम टाकून यंत्रणेनं पाठ फिरवली तर हाती काही लागत नाही. माहिती देणं आणि जबाबदारी घेणं यांत फरक आहे. आपण माहिती देऊन मोकळे होतो.

जबाबदारी घेतली की काय होतं, हे चीनच्या खेड्यांत दिसलं. 326 गावांपैकी निम्म्या गावांतल्या 'ग्रामडॉक्टरां'ना प्रशिक्षण दिलं. ते डॉक्टर म्हणजे आपल्या अर्थानं एमबीबीएस नव्हेत. औषधं फुकट किंवा स्वस्त दिली, रक्तदाब ठरलेल्या आकड्याखाली आणायचं काम दिलं, त्याचा मोबदला दिला आणि वरच्या डॉक्टरांची देखरेख ठेवली. उच्च रक्तदाबाच्या जवळपास 34 हजार रुग्णांच्या या अभ्यासात चार वर्षांत त्या गावांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण बाकीच्या गावांपेक्षा 15 टक्क्यांनी कमी निघालं. हे निष्कर्ष 2025 मध्ये आले. आपल्याकडे भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा केंद्रीय उपक्रम सुरू झाला, तेव्हा साधा ठरलेला औषधक्रम, खात्रीचा पुरवठा आणि डॉक्टरांखेरीज इतर कर्मचाऱ्यांकडून पाठपुरावा, हाच साचा होता. म्हणजे चौकट आहे. तिच्यात लकवा होऊन गेलेल्या माणसासाठी वेगळा रकाना नाही, एवढंच. आणि त्याची गरज किती आहे हे गडचिरोलीनं सांगितलं आहे. 'सर्च' संस्थेनं 86 गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली तेव्हा सातांतला एक मृत्यू लकव्यानं झालेला निघाला. वाचलेले किती आणि कसे जगतात, हा त्यापुढचा प्रश्न.

तर मागणी काय? फार मोठी नाही. लकव्याच्या प्रत्येक रुग्णाला तीन महिन्यांनी बोलवायचं तेव्हा बीपीच्या आकड्याशेजारी आकलनाचा आकडाही केसपेपरवर यावा. तो घसरलेला असेल तर औषधं एकवेळची करता येतील तेवढी करावीत, दोन गोळ्यांची एक होत असेल तर ती करावी, आणि सरकारी पुरवठ्यात दर महिन्याला गोळीचा रंग बदलणार नाही एवढं तरी पाहावं. डिस्चार्ज कार्डावरचं '1-0-1', 'ओडी', 'एचएस' हे मराठीत लिहावं. काकूंना सातवीपर्यंतची शाळा होती, पण 'एचएस' म्हणजे झोपताना हे त्यांना आठ महिन्यांनी कळलं. आणि त्या कार्डावर एक ओळ वाढवावी: 'गोळ्या देणारी व्यक्ती'. नाव आणि फोन नंबर.

या शेवटच्या ओळीवर दोन आक्षेप आले. एक मानाचा. बापाच्या हातातून गोळ्यांचा डबा काढून घेणं म्हणजे त्याला घरातून उठवण्यासारखं वाटतं, आणि काकांसारखा माणूस, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजले, तो ते सहन करत नाही. हे खरं आहे. दुसऱ्या झटक्यानंतर काकूंनी डबा घेतला तेव्हा काका दोन दिवस बोलले नाहीत. मग काकूंनी युक्ती केली: गोळी त्या द्यायच्या, आणि काकांनी वहीत 'दिली' अशी नोंद करून सही करायची. हिशेब त्यांच्याकडेच राहिला. शिक्का मारून माणसाला बाजूला करायचं की त्याच्या उरलेल्या शक्तीभोवती व्यवस्था बांधायची, हे आपल्यावर आहे. त्यासाठी आधी कोणती शक्ती उरली आहे ते कळायला हवं, म्हणजे पुन्हा तपासणीच.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. त्या ओळीवर लिहायला नावच नसेल तर? मुलं पुण्या-मुंबईला, म्हातारा-म्हातारी दोघंच गावात, आणि दोघांपैकी म्हातारीचंच डोकं आधी गेलेलं. असंघटित, एकट्या, जमीन विकलेल्या माणसांच्या घरांत ती ओळ कोरीच राहणार. आपल्या विमा योजना रुग्ण दाखल झाला की जाग्या होतात. तो घरी एकटा बसून गोळ्या बाजूला ठेवत असतो तेव्हा त्याच्यासाठी कुठलंच पॅकेज नसतं. माझं म्हणणं असं की कोरी ओळ कोरी राहू देऊ नये, तिथं उपकेंद्राचं नाव लिहावं. मग आठवड्यातून एकदा कुणीतरी त्या घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजेल. ते काम आशाताईंच्या गळ्यात फुकट मारायचं असेल तर ही सूचना मी आत्ताच मागे घेतो. आशाताई आधीच फॉर्मांच्या ओझ्याखाली आहेत, आणि चीनमधल्या ग्रामडॉक्टरांना त्या कामाचा मोबदला मिळत होता, हे सांगायचं आपण सोयीस्करपणे विसरतो. किती मोबदला, कोण देणार, राज्य की केंद्र, हे भांडण व्हायला हवं. ते अजून सुरूही झालेलं नाही, कारण त्या कार्डावर ती ओळच नाही.